मुदतीचा पट्टा : भेंडीच्या केवडा रोगावरील संशोधनग्रंथाची प्रस्तावना

जालना हे नाव आज देशभरच्या शेतकऱ्यांच्या ओळखीचे आहे ते बियाण्यांमुळे. निजामाच्या अमदानीत कापसाची पेठ म्हणून कुंडलिकेच्या काठच्या या गावाचा लौकिक होता. पुढे मोसंबीच्या बागांनी आणि पोलादाच्या कारखान्यांनी त्यात आपापली भर घातली. परंतु पंजाबात किंवा कर्नाटकात भाजीपाला पिकविणारा जो गृहस्थ मराठवाड्यात कधी आलेला नाही आणि येण्याचा संभवही नाही, तोसुद्धा बियाण्याच्या पिशवीवर छापलेले ‘जालना’ हे नाव चटकन ओळखतो. या प्रसिद्धीच्या मुळाशी भेंडीसारखी एक साधी भाजी आहे, आणि त्या भाजीच्या भाग्योदयाच्या मुळाशी एक विषाणू आहे, ही गोष्ट खुद्द जालन्यातल्या सुशिक्षितांसही सहसा ठाऊक नसते. प्रस्तुत ग्रंथ त्या विषाणूचा, आणि त्याच्या पाठीशी आपल्या आयुष्याची उमेदीची वर्षे घालविणाऱ्या संशोधकांचा आहे.

विषाणू आणि प्रतिकारशक्ती हे शब्द उच्चारताच आपल्या मनापुढे मनुष्याचे शरीर उभे राहते, आणि ते स्वाभाविक आहे. देवी टोचून घेण्यासाठी दंड पुढे करणाऱ्या पिढ्या या मुलखात होऊन गेल्या; १९५२ साली भारतीय वैद्यक संशोधन परिषद आणि अमेरिकेतील रॉकफेलर प्रतिष्ठान यांच्या सहकार्याने पुण्यात विषाणू संशोधन केंद्र निघाले, आणि त्याच्या कार्याची वार्ता वृत्तपत्रांतून घरोघर पोहोचली. परंतु इतिहासाचा क्रम पाहू गेल्यास विषाणू ही वस्तू विज्ञानाच्या पदरी प्रथम पडली ती मनुष्याच्या किंवा पशूच्या देहातून नव्हे, तर तंबाखूच्या पानातून. सूक्ष्मजंतू अडविणाऱ्या गाळणीतून रोगट पानांचा रस पार होतो आणि तरीही रोग निर्माण करतो, हे रशियात इव्हानोव्स्कीने १८९२ साली दाखविले. हा जंतू नसून काही निराळेच संसर्गद्रव्य असले पाहिजे, असा निष्कर्ष हॉलंडात बायरिंकने १८९८ साली काढला. आणि १९३५ साली अमेरिकेत स्टॅन्लेने त्याच तंबाखूच्या विषाणूचे स्फटिक करून दाखविले, तेव्हा सजीव कशास म्हणावे या प्रश्नाने तत्त्वज्ञांचीही झोप उडाली. वनस्पतींच्या रोगांचा अभ्यास म्हणजे वैद्यकाची एक दुय्यम आणि धाकटी शाखा, असा जो समज रूढ आहे, तो निदान या बाबतीत तरी निराधार आहे.

भेंडीच्या या रोगाची पहिली शास्त्रीय नोंद मराठी मुलखातच झाली. मुंबई इलाख्याच्या शेतकी खात्यात काम करणारे जी. एस. कुलकर्णी यांनी १९२४ साली पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाच्या नियतकालिकात इलाख्यातील पिकांवरच्या मोझॅक रोगांचा आढावा घेतला, त्यात भेंडीच्या पानांच्या शिरा पिवळ्या पडण्याचा उल्लेख आहे. ज्वारीच्या काणीसारख्या मोठ्या पिकाच्या मोठ्या रोगांत गुंतलेल्या या संशोधकास एका भाजीच्या पिवळ्या पानाकडे पाहण्याची सवड झाली आणि जे पाहिले ते दप्तरी दाखल करण्याची बुद्धी झाली, याबद्दल त्यांचे ऋण मानावे तेवढे थोडे. कारण त्या काळी भेंडी हे महसुलाच्या दृष्टीने पीकच नव्हते, परसातला एक वाफा होता. त्यानंतर सोळा वर्षांनी, १९४० साली, पुण्यातच बी. एन. उप्पल, पी. एम. वर्मा आणि एस. पी. कपूर या त्रयीने हा रोग विषाणुजन्य असल्याचे सिद्ध करून त्यास शास्त्रीय नाव दिले. शेतकऱ्यांनी मात्र त्याला केव्हाच केवडा म्हटले होते. कोठे कोठे हळद्याही म्हणतात.

रोगाचे रूप एकदा पाहिले की विसरत नाही. प्रथम कोवळ्या पानाच्या शिरा पिवळ्या होतात आणि मधला भाग हिरवाच राहतो, त्यामुळे पानावर पिवळ्या धाग्यांचे जाळे पसरल्याचा भास होतो, मग तो पिवळेपणा शिरांतून बाहेर पडून सबंध पान व्यापतो, झाड खुरटते, आणि जी काही फळे लागतात ती फिक्कट, आखूड आणि राठ निघतात, म्हणजे बाजारात त्यांना कोणी हात लावीत नाही. नुकसानीचा हिशेब रोग केव्हा लागला यावर अवलंबून असतो. शास्त्री आणि सिंग या संशोधकांनी १९७४ साली प्रसिद्ध केलेल्या आकड्यांप्रमाणे उगवणीनंतर ५० दिवसांनी रोग लागल्यास ८४ टक्के, आणि ६५ दिवसांनी लागल्यास ४९ टक्के उत्पन्न बुडते. त्याहूनही आधी, झाड अगदी लहान असताना गाठले, तर पदरात जवळजवळ काहीच पडत नाही. म्हणजे रोग टाळता आला नाही तरी महिनाभर लांबविता आला, एवढ्यानेही शेतकऱ्याच्या घरात फरक पडतो. ही गोष्ट वाचकाने ध्यानात ठेवावी, कारण पुढे प्रतिकारशक्तीची जी चर्चा आहे तिचा अर्थ या आकड्यांवाचून लागणार नाही.

वर्मा आणि कपूर यांनी यापुढे जे काम केले ते चिकाटीचा वस्तुपाठ म्हणून शेतकीच्या विद्यार्थ्यांना सक्तीने वाचावयास लावावे, असे मला वाटते. रोगट पानाचा रस निरोगी पानावर चोळला असता तंबाखूचा मोझॅक लागतो, भेंडीचा केवडा लागत नाही. बियाण्यातून तो पुढच्या पिढीत उतरत नाही. परंतु रोगट फांदीचे कलम निरोगी झाडावर बांधले की लागतो, आणि पांढऱ्या माशीने रोगट झाडाचा रस शोषून मग निरोगी झाडावर बसावे, की हटकून लागतो. पांढरी माशी म्हणजे खरोखर माशी नव्हेच. ती मावा आणि तुडतुडे यांच्या गणातली, मेणकट पांढऱ्या पंखांची, दीड मिलिमीटरही न भरणारी एक कीड, जी पान हलविताच धुळीसारखी उडते आणि पुन्हा पानाच्या खालच्या अंगास जाऊन बसते. अशा किडीला पिंजऱ्यात वाढविणे, मोजून इतक्या माश्या इतका वेळ या झाडावर आणि इतका वेळ त्या झाडावर बसविणे, आणि मग आठवडेच्या आठवडे पानांकडे पाहत राहणे, हे १९५० च्या आगेमागे अत्यंत तुटपुंज्या साधनांनी पुण्यात चालले होते. विषाणू एकदा माशीच्या पोटात गेला की तो तिच्या देहातून फिरून पुन्हा लाळेत येतो आणि ती बहुधा मरेपर्यंत त्याची वाहक राहते, हे आता पाठ्यपुस्तकात दोन ओळींत आटोपते. त्या दोन ओळींची किंमत मूळ निबंध वाचल्याशिवाय कळत नाही.

जालना जिल्ह्याशी या माशीचा संबंध उघड आहे. भेंडी आणि कपाशी एकाच कुळातल्या. काळ्या जमिनीच्या या पट्ट्यात अंबडपासून भोकरदनपर्यंत कपाशी उभी असते, आणि कपाशीवर पोसलेली माशी शेजारच्या भेंडीवर जाण्यास मालकाची परवानगी विचारीत नाही.

आता प्रतिकाराकडे वळू. मनुष्याचे शरीर एकदा भेटलेल्या शत्रूस ओळखून ठेवते. रक्तातून फिरणाऱ्या पेशी आणि त्यांनी निर्मिलेली प्रतिद्रव्ये यांच्या बळावर ते पुढच्या भेटीच्या वेळी सज्ज असते. लस ही त्या ओळखीची आगाऊ व्यवस्था होय. वनस्पतीपाशी रक्त नाही, फिरत्या पेशी नाहीत, प्रतिद्रव्ये नाहीत. तिची प्रत्येक पेशी आपल्या भिंतीआड आपला बचाव आपणच करते. त्यातला एक मार्ग असा की विषाणूचे जनुकद्रव्य पेशीत कार्य करू लागले की त्याचेच बारीक तुकडे पाडून, त्या तुकड्यांच्या खुणेने उरलेले द्रव्य हुडकून काढावयाचे आणि निकामी करावयाचे. हा मार्ग विसाव्या शतकाच्या अखेरीस उलगडला, आणि तो उलगडताच हेही ध्यानात आले की विषाणूंनी त्यावर तोड फार पूर्वीच काढून ठेवली आहे. मदुराई येथील जे. जोस आणि आर. उषा यांनी २००३ साली दाखविले की भेंडीचा केवडा एकट्या विषाणूचे काम नव्हे: सुमारे २,७०० घटकांच्या एका वर्तुळाकार जनुकधाग्याबरोबर साधारण निम्म्या लांबीचा एक उपग्रह-धागा असतो, आणि शिरा पिवळ्या पाडण्याचे खरे सामर्थ्य त्या जोडीत आहे. वनस्पतीचा तो शांतपणे चाललेला बचाव मोडून काढणारे प्रथिन या उपग्रहाकडूनच तयार होते. मुख्य आरोपीच्या सावलीत उभा असलेला हा साथीदार सापडण्यास १९२४ पासून जवळजवळ ऐंशी वर्षे लागली.

परंतु रोगाचे रहस्य उलगडेपर्यंत शेतकरी थांबत नसतो, आणि सुदैवाने पैदासकारही थांबले नाहीत. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत हरभजन सिंग हे देशभरातून आणि परदेशांतून पिकांचे नमुने गोळा करून त्यांना क्रमांक देण्याचे काम करीत होते. पुढे ज्या कार्यातून वनस्पती जनुकस्रोतांचे राष्ट्रीय केंद्र उभे राहिले, त्याचा पाया या गृहस्थाने घातला. त्यांच्या नोंदवहीतील आय.सी. १५४२ या क्रमांकाची, बंगालकडून आलेली भेंडी दिसावयास साधारणच होती. परंतु केवड्याने आजूबाजूची शेते पिवळी झाली असता ती हिरवी राहत असे. विषाणू तिच्यात शिरत नव्हता असे नाही. शिरत होता, पण लक्षणे दिसत नव्हती. या भेंडीचा ‘पुसा मखमली’ या देखण्या, परंतु रोगास सहज बळी पडणाऱ्या वाणाशी संकर करून, पिढ्यान्‌पिढ्या निवड करीत जो वाण निघाला तो ‘पुसा सावनी’. गाळून गाळून घेतलेल्या या निवडीत बी. एस. जोशी यांचा मोठा वाटा होता, आणि वनस्पतिशास्त्र विभागाचे आत्माराम भैरव जोशी यांचे मार्गदर्शन होते.

या आत्माराम जोशींविषयी येथे दोन शब्द अधिक लिहिल्यावाचून राहवत नाही, कारण भेंडीचे कुळ शोधून काढण्याचे श्रेय त्यांचे आणि त्यांचे सहकारी एम. डब्ल्यू. हरदास यांचे आहे. १९५६ साली या दोघांचा जो छोटेखानी निबंध ‘नेचर’ या विख्यात साप्ताहिकात प्रसिद्ध झाला, त्यात भेंडी ही दोन भिन्न जातींच्या पुरातन संकरातून जन्मलेली असल्याचे दाखविले आहे. भेंडीच्या पेशीत साधारणतः १३० गुणसूत्रे असतात. उत्तर भारतातील एका रानभेंडीत ५८. या दोहोंचा संकर केला असता २९ जोड्या नीट जुळल्या, म्हणजे भेंडीचा अर्धा वारसा या रानभेंडीकडचा निघाला. उरलेली अर्धी वंशावळ कोणाची, याचा वाद पुढे बराच चालला. गुणसूत्रे मोजण्याच्या या कामाचा त्या वेळी बाजारात कोणास काय उपयोग होता? काहीही नव्हता. परंतु पंचवीस वर्षांनी परभणीत जे घडले ते या हिशेबावाचून आंधळेपणाने करावे लागले असते. जोशी पुढे दिल्लीच्या संस्थेचे संचालक आणि राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे कुलगुरू झाले. १९७६ साली त्यांना पद्मभूषण मिळाले.

पुसा सावनी साठीच्या दशकाच्या उंबरठ्यावर लोकांपुढे आली, आणि येथे जालना या कथेत प्रवेश करते. हैदराबाद मुक्तिसंग्रामात भाग घेतलेले जालन्याचे तरुण शेतकरी बद्रीनारायण बारवाले यांनी दिल्लीहून या वाणाचे बी आणून आपल्या शेतात पेरले, त्याचे बीजोत्पादन केले आणि विकले. केवड्याने गांजलेल्या भेंडीवाल्यांना रोगास न जुमानणारे बी हवे होते. सरकारी संस्थांपाशी वाण होता, पण तो शेतकऱ्याच्या दारापर्यंत नेण्याची यंत्रणा नव्हती. या दोहोंमधली जागा बारवाल्यांनी हेरली. १९६३ साली राष्ट्रीय बीज निगम निघाले, १९६४ साली जालन्यात महाराष्ट्र हायब्रिड सीड्स कंपनी, म्हणजे महिको, स्थापन झाली, आणि १९६६ साली बियाण्यांचा कायदा आला. याच काळात रॉकफेलर प्रतिष्ठानाच्या साह्याने मक्याच्या आणि ज्वारीच्या संकरित वाणांचे काम देशात जोरात होते. ज्या प्रतिष्ठानाने पुण्यात मनुष्याच्या विषाणूंसाठी केंद्र उभारण्यास हात दिला त्याच्याच दुसऱ्या हाताची सावली जालन्याच्या बीजव्यवसायावर पडली, हा योगायोग मला नेहमी कुतूहलाचा वाटत आला आहे. बारवाल्यांना १९९८ साली जागतिक अन्न पुरस्कार आणि २००१ साली पद्मभूषण मिळाले. दोन्ही त्यांना शोभणारे होते. परंतु ज्या बियाण्यावर त्यांनी पहिली पावले टाकली त्याची प्रतिकारशक्ती हरभजन सिंगांच्या नोंदवहीतून आली होती, आणि ज्या रोगाविरुद्ध ती उपयोगी पडली त्याची नोंद पुण्याच्या कुलकर्ण्यांनी केली होती, हे पुरस्काराच्या भाषणांतून सांगितले जात नाही. व्यापाऱ्याचे नाव पिशवीवर राहते, रोगशास्त्रज्ञाचे नाव संदर्भसूचीत. आणि संदर्भसूची कोण वाचतो?

पुसा सावनीची सद्दी दीड-दोन दशके टिकली. सत्तरीच्या दशकात तिच्या शेतांतूनही पिवळ्या शिरा दिसू लागल्या, आणि ऐंशीच्या सुमारास तर रोगप्रतिकारक म्हणून तिची शिफारस करणे धाडसाचे झाले. अशा वेळी ‘वाण बिघडला’ असे म्हणण्याची शेतकऱ्यांत आणि अधिकाऱ्यांतही पद्धत आहे. वाण बिघडत नाही. विषाणू बदलतो, माशीचे बळ वाढते, लागवड वाढते, आणि जे जनुक काल पुरेसे होते ते आज अपुरे ठरते. पिकाची प्रतिकारशक्ती ही वंशपरंपरा चालणारी इनामाची सनद नव्हे, तो मुदतीचा पट्टा आहे; मुदत किती याचा उल्लेख मात्र कागदावर कोठेच केलेला नसतो. या ग्रंथातील सारे विवेचन या एका गोष्टीभोवती फिरते, आणि माझ्या मते येथेच तो या विषयावरील इतर लिखाणापेक्षा निराळा पडतो. इतरत्र प्रत्येक नवा वाण हा शेवटचा विजय म्हणून रंगविलेला असतो.

पट्ट्याचे पहिले नूतनीकरण मराठवाड्यात झाले. १९७२ साली स्थापन झालेल्या परभणीच्या मराठवाडा कृषी विद्यापीठात एन. डी. जांभळे आणि वाय. एस. नेरकर यांनी भेंडीच्या दूरच्या नातलगांकडे मोर्चा वळविला. लागवडीखालच्या भेंडीत प्रतिकाराची पुंजी संपली असेल तर ती वन्य जातींत शोधावी, हा विचार नवा नव्हता. नवी होती ती अडचण निवारण्याची जिद्द. भिन्न जातींचा संकर केला की गुणसूत्रे जुळत नाहीत, संतती जवळजवळ वांझ निघते, आणि जे मूठभर बी मिळते त्यातून येणारी झाडे रानटी गुणांनी भरलेली असतात: केसाळ फळे, उशिराचा फुलोरा, चमत्कारिक बांधा. घानाहून आलेल्या एका प्रतिकारक जातीशी संकर करून, त्या संततीचा पुनःपुन्हा पुसा सावनीशीच संकर करीत त्यांनी रोगाचा प्रतिकार तेवढा ठेवला आणि बाकीचा रानटीपणा गाळून टाकला. या जातीतील प्रतिकार एकाच प्रभावी जनुकावर अवलंबून आहे, असे त्यांनी १९८१ साली प्रसिद्ध केले. १९८५ साली जो वाण बाहेर पडला त्याचे नाव ‘परभणी क्रांती’. नावात थोडा सरकारी उत्साह असला तरी वाणाने तो बराच काळ सार्थ केला. देशभर, आणि बरीच वर्षे, भेंडी म्हणजे परभणी क्रांती अशी स्थिती होती. नेरकर पुढे राहुरीच्या विद्यापीठाचे कुलगुरू झाले. जी सावनी रोगाला शरण गेली तिचाच देह नव्या वाणात राहिला, फक्त चिलखत परक्या मुलखातून आणले, ही गोष्ट मला या साऱ्या इतिहासात विशेष मनोज्ञ वाटते.

परभणी क्रांतीचीही मुदत पुढे भरली. तोपर्यंत बंगळूरच्या फलोद्यान संस्थेने आणखी एका रानभेंडीच्या आधारे ‘अर्का अनामिका’ दिली होती, आणि खाजगी कंपन्यांचे संकरित वाण बाजारात उतरले होते. आता केवड्याच्या जोडीला पाने वळविणारा आणि शिरांवर गाठी आणणारा दुसरा एक विषाणूही भेंडीवर आला आहे, आणि त्याचीही ने-आण पांढरी माशीच करते.

संकरित बियाण्याच्या प्रकरणात ग्रंथकर्त्याने जालना आणि शेजारच्या देऊळगाव राजा परिसरातील सीड प्लॉटांचे जे वर्णन केले आहे ते मुळातूनच वाचावे. भेंडीचे फूल सकाळी उमलते आणि त्याच दिवशी मिटते. म्हणून आदल्या संध्याकाळी मादी ओळीतल्या कळीची पाकळी हलक्या हाताने सोलून पुंकेसर काढून टाकावयाचे, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नर ओळीतले फूल त्या स्त्रीकेसरावर फिरवावयाचे. हे क्रॉसिंगचे काम बहुतांशी बायाच करतात. पैदासकाराने प्रयोगशाळेत जुळविलेला प्रतिकार पिशवीत उतरतो तो या बोटांतून. आणि रोजंदारीच्या हजेरीपटापलीकडे त्यांच्या कसबाची नोंद कोणी ठेवीत नाही. हा उल्लेख ग्रंथकर्त्याने केला, हे त्याच्या दृष्टीच्या व्यापकतेचे चिन्ह मानतो.

एका बाबतीत माझा त्याच्याशी मतभेद आहे. जनुकतंत्राने विषाणूचाच एखादा तुकडा भेंडीत घालून तिला कायमची अभेद्य करता येईल, असा आशावाद त्याने एका प्रकरणात व्यक्त केला आहे. तंत्राविषयी मला आकस नाही. बोंडअळीविरुद्धच्या कपाशीस २००२ साली देशात परवानगी मिळाली तिच्या मागेही जालन्याचीच कंपनी होती, आणि त्या कपाशीने आरंभी शेतकऱ्यांचा मोठा खर्च वाचविला. परंतु गुलाबी बोंडअळीने पुढे तोही बांध ओलांडला, हे याच जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांनी डोळ्यांनी पाहिले आहे. ‘कायमची’ हा शब्द त्या प्रकरणातून काढला असता तर त्यातल्या युक्तिवादाचे काहीच बिघडले नसते.

वाचकांसाठी एक सूचना. ज्यांचा शास्त्राशी परिचय नाही त्यांनी गुणसूत्रांचे प्रकरण प्रथम वगळून पांढऱ्या माशीपासून आरंभ करावा. ते सर्वांत सुबोध आणि सर्वांत रंजक आहे. शेतकी विद्यालयातील विद्यार्थ्यांनी मात्र क्रम सोडू नये, आणि परिशिष्टात रोगाच्या तीव्रतेची गुणांकन-पद्धती दिली आहे ती घेऊन भेंडीच्या एखाद्या वाफ्यात पेरणीपासून शेवटच्या तोड्यापर्यंत दर आठवड्यास उभे राहावे. कोणत्या दिवशी पहिली शीर पिवळी दिसली आणि त्या दिवशी पानामागे किती माश्या होत्या, हे लिहून ठेवावे. अशा नोंदी तालुकावार मिळाल्या, तर पुढील आवृत्तीत त्यांचा समावेश करण्याचे ग्रंथकर्त्याने मान्य केले आहे.